टपालाचं नसलेलं तिकीट: ते कुठलं, हे कसं शोधायचं

जुन्या बाजारातून तिकिटांचं पुडकं आणलं की त्यात दहा-बारा तुकडे हमखास असे निघतात, ज्यांच्यावर ‘पोस्टेज’ हा शब्द नसतो. देशाचं नाव नसतं, किंवा असलं तरी नकाशात सापडत नाही. दाते आहेत, डिंक आहे, राजाचं डोकंही आहे, पण टपालाच्या कॅटलॉगात पत्ता नाही. संग्राहक या सगळ्या गोतावळ्याला ‘सिंड्रेला’ म्हणतात. त्यात रसीदी तिकिटं, कोर्ट फी स्टॅम्प, टीबी सील, प्रदर्शनाची जाहिरात लेबलं, रेल्वे पार्सलची तिकिटं आणि निव्वळ बनावट ‘देशांची’ तिकिटं असं सगळं येतं. महसुली तिकिटांना काही जण या घरात घेत नाहीत, वेगळी चूल मांडतात. ओळख पटवण्याच्या कामात त्याने फरक पडत नाही.

असा तुकडा हातात आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे कुठलं?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न, ‘हे कशासाठी होतं?’ कोर्ट फी घ्यायची तर कोर्ट लागतं, म्हणजे सरकार किंवा संस्थान आलं. दान गोळा करायचं तर संस्था लागते. काम कळलं की शोधायचं रान दहा पटीने लहान होतं. चित्रावरून सुरुवात केली तर फसगत ठरलेली, कारण चित्र कोणीही कशाचंही छापतं.

आधी पाणी दूर ठेवा

टपाल तिकीट कागदावरून सोडवायला कोमट पाण्यात टाकायची सवय असते. महसुली तिकिटाला ती घातक आहे. वापरलेलं तिकीट धुऊन पुन्हा वापरू नये म्हणून ही तिकिटं बरेचदा मुद्दाम पाण्यात विरघळणाऱ्या शाईत छापत. लंडनच्या डे ला रू कंपनीच्या जांभळ्या आणि हिरव्या शाया त्यासाठी प्रसिद्ध आहेत. दहा मिनिटांत जांभळ्याचा राखाडी होतो, हिरव्याचा पिवळट, आणि मग रंगावरून ओळखायची सोयच उरत नाही.

शंका असेल तर कान साफ करायच्या काडीचा कापूस जेमतेम ओला करा, तिकिटाच्या कोपऱ्यातल्या छापील रेघेवर पाच सेकंद टेकवा आणि टिपकागदावर दाबून बघा. रंग उतरला तर तिथेच थांबा. तिकीट दस्तावर, पावतीवर किंवा शेअरच्या कागदावर चिकटलेलं असेल तर सोडवूच नका. त्या कागदावर तारीख आहे, गाव आहे, रक्कम आहे, व्यवहार कशाचा हे लिहिलेलं आहे. सुट्या तिकिटावर चार दिवस डोकं फोडून जे कळणार नाही, ते दस्ताची पहिली ओळ वाचून कळतं. जुने दस्त फाडून नुसती तिकिटं विकणाऱ्यांनी या विषयाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वाळवीने केलेलं नाही.

साहित्य थोडंच लागतं: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, टोकं चपटी असलेला चिमटा, मिलिमीटरची पारदर्शक पट्टी, दाते मोजायची पट्टी, काळा पुठ्ठा आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. स्वस्तातल्या ३९५च्या टॉर्चचा जांभळा उजेडच इतका पसरतो की कागदाची चमक कळत नाही. कुठलाही टॉर्च डोळ्यांत मारू नका.

रद्द कसं केलंय ते बघा

तिकिटाचं काम सगळ्यात लवकर सांगतो तो त्यावरचा शिक्का, किंवा शिक्क्याचा अभाव.

शाईने आडवीतिडवी सही केलेली असेल तर बहुधा पावती. रसीदी तिकिटावर सही करायची पद्धत आजही आहे. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लागतं. पण इथे एक मेख आहे. हिंदुस्थानात १९०६ पासून टपाल आणि महसूल या दोन्ही कामांना चालणारी अर्ध्या आणि एक आण्याची तिकिटं निघाली, त्यांवर ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असं छापलेलं असतं. त्यावर पेनाची सही दिसली म्हणून ते गूढ ठरत नाही. टपालाचंच तिकीट, पावतीवर वापरलेलं.

राजाराणीच्या डोक्याच्या जागी भोक असेल तर कोर्ट फी. १८७० च्या कोर्ट फी कायद्याच्या ३० व्या कलमात हेच सांगितलंय: तिकिटावरचं डोकं पंचाने उडवायचं, रक्कम शाबूत ठेवायची आणि उडालेला तुकडा जाळून किंवा दुसऱ्या रीतीने नष्ट करायचा. त्यामुळे डोकं गेलेलं आणि आकडा स्वच्छ वाचता येणारं तिकीट दिसलं की ‘खराब’ म्हणून बाजूला टाकू नका. ते कायद्याने सांगितलं तसंच वापरलं गेलंय.

वरचा किंवा खालचा भाग कात्रीने सरळ कापलेला आणि उरलेल्या अर्ध्यावर राणीचं डोकं असेल तर हिंदुस्थानी तार खात्याचं तिकीट तपासा. ती तिकिटं उंच होती, त्यांवर राणीची दोन डोकी असत, आणि तार देताना ती मधोमध कापत. अर्धं तिकीट हीच त्यांची नेहमीची अवस्था.

‘शेअर ट्रान्सफर’, ‘नोटेरियल’, ‘फॉरेन बिल’, ‘इन्शुरन्स’ असे इंग्रजी शब्द छापलेले असतील तर काम उघडच आहे. डिमॅटच्या आधीचे शेअर हस्तांतराचे अर्ज अजून घरोघरी सापडतात. त्यांच्या पाठीवर अशी तिकिटं ओळीने चिकटवलेली असतात.

काहीच शिक्का नसेल, डिंक जसाच्या तसा असेल आणि किंमतही छापलेली नसेल तर मामला सरकारी नाही असं समजून पुढे जा. दोन आडव्या दांड्यांचा क्रॉस शोधा. तो क्षयरोगविरोधी चळवळीचा आहे. डेन्मार्कमधले टपाल कर्मचारी आयनार होल्बोल यांच्या कल्पनेतून १९०४ च्या नाताळात पहिलं असं सील निघालं. मग ही पद्धत जगभर गेली आणि आपल्याकडेही टीबी सीलच्या रूपाने दरवर्षी शाळांतून खपू लागली. क्रॉसला एकच आडवी दांडी आणि रंग लाल असेल तर रेड क्रॉस.

एक तिकीट मात्र दोन्ही बाजूंना पाय देऊन उभं आहे. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी, बहुतेक टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं होतं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘रिफ्युजी रिलीफ’ असं ओव्हरप्रिंट केलं. गावोगावी स्थानिक रबरी शिक्के मारूनही काम भागवलं, म्हणून अक्षरांचे पुष्कळ प्रकार दिसतात. हे दानाचं लेबल नाही, टपालातूनच वसूल केलेला कर आहे. टपालाच्या कॅटलॉगात शोधा.

लिपी, नाव, नाणं

काम कळलं, आता गाव. यात मराठी वाचकाचं पारडं जड आहे, कारण परदेशी संग्राहक ज्या अक्षरांपुढे अडतो ती आपल्याला वाचता येतात. हिंदुस्थानात टपाल तिकिटं काढणारी संस्थानं काही डझन होती. कोर्ट फी आणि महसुली तिकिटं काढणारी त्याहून कितीतरी जास्त. नुसती दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या कर्नाटकाची यादी केली तरी कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी, मुधोळ, फलटण, औंध, भोर, जत, अक्कलकोट, सावंतवाडी इतकी नावं होतात.

नावांत सापळे आहेत. ‘करवीर’ म्हणजे कोल्हापूर. ‘होळकर’ असेल तर इंदूर. मिरज, कुरुंदवाड आणि माळव्यातलं देवास यांच्या थोरली आणि धाकटी अशा पाती होत्या. नुसतं ‘मिरज’ वाचून थांबलात तर अर्धंच काम झालं, पातीचा शब्द कुठे बारीक अक्षरात आहे का ते भिंगाखाली शोधा. अक्षरं देवनागरी दिसूनही वाचता येत नसतील, आणि डोक्यावरची रेघ शब्दागणिक न तुटता सलग गेलेली असेल, तर ती मोडी आहे. मोडीत रेघ आधी ओढतात, अक्षरं नंतर तिला लटकवतात.

किंमत आकड्यात नसून रेघांत असेल तरी गोंधळू नका, ही आपल्याच आजोबांची हिशेबाची लिपी आहे. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ एका आण्याची, दोन आडव्या दोन आण्यांच्या. एका उभ्या रेघेपुढे दोन आडव्या असल्या तर सहा आणे. परदेशी विक्रेते याला बिनदिक्कत ‘नक्षी’ म्हणतात.

नाण्याचं नाव कधी कधी थेट प्रांतावर नेऊन सोडतं. ‘कोरी’ हे नाणं दिसलं तर कच्छ-काठियावाडकडे वळा. चक्रम असेल तर त्रावणकोर, पुत्तन असेल तर कोचीन. रेइश आणि तांगा एकत्र असतील तर पोर्तुगीजांचा गोवा, दमण, दीव. तिथे सोळा तांग्यांचा रुपया होता, आणि १९५८-५९ च्या बदलानंतर एश्कुदो आणि सेंताव्हो आले. गोव्यातल्या जुन्या दस्तांवर ‘इम्पोस्तो’ हा शब्द असलेली तिकिटं भेटतात. इम्पोस्तो म्हणजे कर. भारताच्या बाबतीत आणे-पै म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधीचं डिझाइन, ‘नये पैसे’ म्हणजे १९५७ ते १९६४ मधलं, आणि ₹ हे चिन्ह असेल तर २०१० नंतरचं.

आता सनाचा घोळ. सन ओळखला की तिकीट ओळखलंच, पण चुकला तर दहा वर्षांची पाचर बसते. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. विक्रम संवतातून ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५६. दख्खनी फसलीत ५९० मिळवा. शुहूर म्हणजे अरबी सनात ५९९. मल्याळी कोल्लम सनात ८२५. हिजरी चांद्रवर्ष असल्याने नुसतं मिळवून चालत नाही. आकड्यातून त्याचे तीन टक्के कमी करायचे आणि ६२२ मिळवायचे.

याचं एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण मराठवाड्यातल्या घरांत असे कागद पुष्कळ आहेत. समजा तिकिटावर एका बाजूला मराठीत ‘आणा’ लिहिलंय. बघणारा लगेच म्हणतो, महाराष्ट्रातलं संस्थान. तिकीट फिरवून उरलेल्या बाजू बघा: उर्दू, तेलुगू आणि इंग्रजीही आहे? हैदराबादच्या कितीतरी तिकिटांवर या चार लिपी शेजारी शेजारी नांदतात. उर्दू आकडे बघा. एक म्हणजे उभी काडी. सात म्हणजे वर उघडलेला चिमटा, आठ म्हणजे तोच उलटा. शून्य म्हणजे फक्त ठिपका, आणि जो गोल आपल्याला शून्य वाटतो तो पाच. ही चूक फार होते. आता आकडा १३४० निघाला असं धरू. फसली धरला तर १९३०-३१, हिजरी धरला तर १९२१-२२. नऊ वर्षांचा फरक. निजामाच्या कारभारात फसली सन चाले, नाण्यांवर हिजरी. तेव्हा सनाजवळ कुठलं अक्षर जोडलंय ते वाचून घ्या, आणि तिकीट दस्तावर असेल तर दस्ताची तारीख कौल देईल. दस्तात ‘हाली’ रुपये लिहिले असतील तर ते निजामाचं स्वतःचं चलन. इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ म्हणत. म्हणजे मराठी शब्दाने सुरू झालेला शोध हैदराबादला संपला.

परदेशी लेबलं

इथे थोडक्यात आटपतं. काही शब्द पाठ ठेवले की पुरे. जर्मन भाषेत महसुली तिकीट म्हणजे स्टेम्पेलमार्के, इटालियनमध्ये मार्का दा बोल्लो, फ्रेंचमध्ये तँब्र फिस्काल, डचमध्ये प्लाक्झेगेल. सुओमी म्हणजे फिनलंड, मॅग्यार म्हणजे हंगेरी, हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड. बेल्जियमच्या रेल्वे पार्सलच्या तिकिटांवर पंख असलेलं चाक शोधा. मोठा, रंगीत, बिनकिमतीचा, प्रदर्शन किंवा चॉकलेटची जाहिरात करणारा जर्मन तुकडा पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या जाहिरात तिकिटांच्या लाटेतला असायची शक्यता मोठी.

पफिन पक्षी दिसला तर लंडी बेट. इंग्लंडजवळच्या या बेटाच्या मालकाने, मार्टिन कोल्स हार्मन यांनी, १९२९ पासून ‘पफिन’ या स्वतःच्या नाण्याची तिकिटं काढली. बेटावरून किनाऱ्यापर्यंत पत्र पोचवण्याचं ते भाडं होतं.

बनावट देशांबद्दल जरा सावध राहा. ‘नागालँड’ नावाची रंगीत तिकिटं बाजारात फिरतात. भारतीय टपाल खात्याचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. ‘मालुकू सेलातान’ या इंडोनेशियातल्या बेटांच्या नावाची, फुलपाखरं आणि मासे असलेली सुंदर तिकिटं तिकीट-विक्रेत्यांनीच छापून घेतली. खूण अशी: शिक्का कोपऱ्यात अगदी नेटका पाव वर्तुळात, सगळ्या तिकिटांवर त्याच जागी, आणि पाठीवर डिंक अजून पूर्ण. पत्रावर गेलेल्या तिकिटाला डिंक कुठून राहणार?

आझाद हिंदची तिकिटं मात्र या ढिगात टाकू नका. ती बर्लिनच्या सरकारी छापखान्यात खरोखर छापली गेली, फक्त टपालात कधी वापरली गेली नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर टपालाचा शिक्का दिसला तर संशय तिकिटावर आधी घ्या की शिक्क्यावर, एवढंच ठरवायचं उरतं.

कागद आणि छपाई

भिंग लावा आणि अक्षराची कड बघा. कडेला शाईची गडद किनार आणि आत फिकं, पाठीवर बोट फिरवल्यास किंचित उठाव: ठशाची छपाई, संस्थानी छापखान्यांची आवडती. शाईची रेघ वर उठलेली, नखाला लागणारी: कोरीव पत्र्याची. सगळं सपाट, कड स्वच्छ: लिथो, म्हणजे सपाट पृष्ठावरून केलेली छपाई. अक्षरांच्या कडाच बारीक जाळीने कुरतडल्यासारख्या: फोटोग्रॅव्ह्युअर, म्हणजे फोटोवरून कोरलेल्या सिलिंडरची छपाई. नाशिकच्या छापखान्यात टपाल तिकिटांसाठी ही पद्धत १९५२ च्या संत-कवी मालिकेपासून आली, तेव्हा आण्याच्या काळातल्या भारतीय तिकिटाला अशी जाळी दिसली की वर्षाचा अंदाज आपोआप बांधला जातो. आणि निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची फुलं दिसली, वर तिकीट १९१० चं असल्याचा दावा असेल, तर ती गेल्या काही दशकांतली नक्कल आहे. पुढे शोधू नका.

अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० च्या आसपासपासून घालू लागले. व्हिक्टोरिया राणीचं झगमगणारं तिकीट म्हणूनच शंकास्पद. पण एक अपवाद लक्षात ठेवा: कोणी कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात तिकीट धुतलं असेल तर जुना अस्सल कागदही झगमगतो. याच उजेडात पेनाची पुसलेली सही गडद रेघांच्या भुतासारखी परत दिसते. महसुली तिकिटाची सही धुऊन वर टपालाचा खोटा शिक्का मारणं हा जुना धंदा आहे, आणि तो इथे पकडला जातो.

दाते मोजताना दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं येतात ते मोजा, आडवी बाजू आणि उभी बाजू वेगवेगळी. डे ला रूच्या हिंदुस्थानी तिकिटांचा आकडा बहुतेक १४ येतो. भोकं वाकडीतिकडी, कुठे दाट कुठे विरळ असतील तर संस्थानी छापखान्यातलं हातकाम समजा. वॉटरमार्कसाठी, म्हणजे कागदातच दडलेल्या खुणेसाठी, तिकीट काळ्या पुठ्ठ्यावर पालथं ठेवून तिरक्या उजेडात बघा. बेंझिन वगैरे भानगडी महसुली तिकिटाला नकोत.

विचारायचं कसं

स्वतः अडलात तर दुसऱ्याला विचाराल तेव्हा मोबाइलचा तिरका, सावली पडलेला फोटो पाठवू नका. ६०० डीपीआयला स्कॅन करा, काळ्या पार्श्वभूमीवर, म्हणजे दाते दिसतील. पाठीचाही स्कॅन जोडा. सोबत लिहा: दातासकट लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, दात्यांचा आकडा, वाचता आलेली प्रत्येक ओळ मूळ लिपीत, न वाचता आलेल्या ओळीची जागा, आणि तुकडा कशासोबत मिळाला. भारतीय संस्थानांच्या कोर्ट फी आणि महसुली तिकिटांना विक्रेते बहुधा कोप्पेल आणि मॅनर्स यांच्या यादीतला क्रमांक लावतात. उत्तरात तो आला तर टिपून ठेवा.

संस्थानी तिकिटाचा छडा लावायचा तर संस्थानाची कागदपत्रं गाठावी लागतात: गॅझेट, वार्षिक प्रशासन अहवाल, स्टॅम्पांबद्दलचे जाहीरनामे. महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याची मुंबईतली कचेरी फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, कोल्हापुरातही कचेरी आहे. जाताना तिकिटाचं रंगीत प्रिंट न्या, मूळ घरीच ठेवा. मोडी वाचून घ्यायची असेल तर तिथेच जाणकार भेटतात.

अल्बमच्या पानावर नोंद पेन्सिलनेच करा आणि दोन स्तंभ पाडा. डावीकडे तिकिटावर प्रत्यक्ष जे दिसतं ते: शब्द, आकडे, माप, रद्द करायची पद्धत. उजवीकडे तुमचा तर्क, तारखेसह. तर्क बदलला तर उजवा स्तंभ खोडायचा, डाव्याला हात लावायचा नाही.